दारू सुटली, आता गोडाचे काय?

प्रश्न : माझ्या पतींनी दारू सोडून सात आठवडे झाले. व्यसन सोळा वर्षांचे आहे. याआधी दोनदा सुटली होती आणि दोन्ही वेळा महिन्याभरात पुन्हा सुरू झाली. या वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली आहे आणि ते नेटाने टिकून आहेत. पण ज्यांनी एरवी कधी गोडाला हात लावला नाही, ते आता रात्री अकरा वाजता साखरेचा डबा उघडून चमच्याने साखर खातात. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना, पूर्वी जिथे बाटल्या सापडत त्याच कप्प्यात, गरम कपड्यांच्या मागे मला चॉकलेटची रिकामी वेष्टने सापडली. मी घरातली सगळी साखर फेकून दिली. त्यावर ते एवढेच म्हणाले, ‘मग पुन्हा तेच पिऊ का?’ त्यांच्या रक्तातील तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१ आली आहे. सासूबाई म्हणतात, दारूपेक्षा गोड बरे, खाऊ दे त्याला. आम्ही आगीतून फुफाट्यात पडलो आहोत का? आणि आमची सतरा वर्षांची मुलगीही लहानपणापासून गोडखाऊ आहे. ते वडिलांकडून आले असेल, तर उद्या तिचे काय होईल, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातल्या त्या कप्प्यापाशी मी बराच वेळ थांबले. ज्या जागेतून सोळा वर्षे बाटल्या निघाल्या, त्याच जागी हात घातल्यावर कागद चुरचुरला तेव्हा तुमच्या पोटात गोळा आला असणार. हाताला काय लागले हे डोळ्यांनी पाहण्याआधीच शरीर जुना अर्थ लावून मोकळे होते. म्हणून साखर फेकून दिल्याबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. पण ती साखर घरात परत आणा, असेच मी सांगणार आहे, आणि त्यामागची कारणे सविस्तर सांगणार आहे, कारण ‘असे होतच असते’ एवढ्या उत्तराने तुमची रात्र शांत जाणार नाही.

तुमच्या पतींना जे होते आहे, ते दारू सोडणाऱ्यांमध्ये सर्रास दिसते. मी ज्या व्यसनमुक्ती गटांबरोबर गेली अनेक वर्षे बसते आहे, तिथे टेबलावरची बिस्किटांची बशी पहिल्या दहा मिनिटांत रिकामी होते, आणि ती रिकामी करणारे हात बहुधा नव्याने आलेल्यांचे असतात. वर्षा-दोन वर्षांपूर्वी दारू सोडलेली माणसे त्याच बशीकडे सहसा वळूनही पाहत नाहीत. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या चळवळीनेही आपल्या १९३९ सालच्या मूळ ग्रंथात, एका डॉक्टरांचे मत म्हणून, दारू सोडणाऱ्याने चॉकलेटसारखे काही गोड जवळ बाळगावे असे सुचवले होते. मेंदूतील यंत्रणा तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती, पण तलफेच्या वेळी तोंडात काही गोड गेले की ती घडी निभावते, हा अनुभव मात्र अनेकांच्या गाठीशी होता.

हे का घडते, याचे एक चुकीचे उत्तर फार लोकप्रिय आहे, ते आधी बाजूला करू. ‘दारूत भरपूर साखर असते, ती बंद झाली म्हणून शरीर साखर मागते’, असे बरेच लोक सांगतात. वस्तुस्थिती अशी आहे की व्हिस्की, व्होडका यांसारख्या ऊर्ध्वपातन केलेल्या मद्यांत साखर जवळजवळ नसतेच, आणि शरीरही अल्कोहोलचे रूपांतर साखरेत करत नाही. खरा प्रश्न ऊर्जेचा आहे. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७. चाळीस टक्के अल्कोहोल असलेले १८० मिलिलिटर मद्य म्हणजे साधारण ५७ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजेच सुमारे ४०० कॅलरी. तेवढी ऊर्जा साखरेतून घ्यायची तर १०० ग्रॅम साखर खावी लागेल. जो माणूस वर्षानुवर्षे रोज इतके किंवा याहून अधिक पितो, त्याच्या शरीराने ही ऊर्जा आपल्या रोजच्या शिध्यात धरलेली असते, आणि तिच्या जोरावर जेवण कमी होत गेलेले असते. एका दिवशी तो शिधा अचानक बंद होतो. मग शरीर त्याची भरपाई मागते, आणि सर्वांत लवकर मिळणारी, न शिजवता, न चावता पोटात जाणारी भरपाई म्हणजे साखर.

यात यकृताचीही बाजू आहे. आपण जेवत नसतो त्या तासांत रक्तातील साखर स्थिर ठेवण्याचे काम यकृत करते. आधी ते आपल्याकडे ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर वापरते आणि तो साठा संपत आला की प्रथिनांच्या घटकांपासून आणि इतर पदार्थांपासून नवी साखर तयार करते. अल्कोहोल आले की यकृताला ते आधी निकालात काढावे लागते, आणि त्या रासायनिक क्रियेमुळे नवी साखर तयार होण्याचे काम अडते. म्हणून उपाशीपोटी पिणाऱ्याच्या रक्तातील साखर नंतरच्या काही तासांत धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. दारू थांबल्यावर हा अडसर दूर होतो, पण रिकामी झालेली कोठारे आणि मोडलेले जेवणाचे वेळापत्रक आपोआप दुरुस्त होत नाही. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या : रक्तातील साखर खाली गेल्यावर हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडते, माणूस विनाकारण चिडतो, आणि दारूची तलफ आल्यावरही थेट असेच होते. सोळा वर्षे या दोन्हींवर एकच औषध घेतलेल्या माणसाला त्यांतला फरक ओळखता येत नाही. त्याला भूक लागलेली असते आणि त्याला वाटते की आपल्याला प्यायला हवे.

आमच्या गटातल्या एका गृहस्थांचे हेच झाले होते. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास ते हातातले काम टाकून घराबाहेर पडत, चार गल्ल्या चालत आणि परत येत. तलफ अशी दमवल्याशिवाय जात नाही, असे ते सांगत. मी त्यांना तलफेची वेळ लिहून काढायला सांगितले आणि शेजारी शेवटचे कधी खाल्ले तेही लिहायला सांगितले. आठवड्याने ते वही घेऊन आले तेव्हा त्यांनी स्वतःच दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. दुपारी साडेबाराला जेवल्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलेले नसे. त्यांनी साडेचार वाजता पोटभर काही खायला सुरुवात केली. तलफ एका दिवसात नाहीशी झाली नाही, पण ती बसल्या जागी सोसता येण्याइतकी झाली.

आता मेंदूकडे वळू, कारण नुसती भूकच असती तर तुमच्या पतींनी रात्री जेवण मागितले असते, साखरेचा डबा उघडला नसता. गोड चव ही माणसाला जन्मापासून शांत करते. नवजात बाळाला सुई टोचण्याआधी त्याच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे काही थेंब सोडले तर ते कमी रडते, आणि रुग्णालयांत याचा उपयोग केलाही जातो. गोडामुळे मेंदूत शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्ये स्रवतात आणि सुखाची जाणीव घडवणाऱ्या मार्गात डोपामिन हे रसायन वाढते. अल्कोहोलही याच द्रव्यांना आणि याच मार्गाला हात घालते, फक्त ते फार अधिक जोराने आणि इतर अनेक यंत्रणांना धक्का देत. वर्षानुवर्षांच्या पिण्याने हा मार्ग बोथट होतो. मग दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत माणसाला कशातच गोडी वाटत नाही. गाणे, गप्पा, मुलीचे हसणे, सगळे जणू काचेपलीकडे चाललेले असते. अशा काळात जी एक गोष्ट अजूनही आत पोचते, ती साखर. तुमचे पती रात्री अकरा वाजता डब्यापाशी उभे असतात तेव्हा ते बहुधा चव शोधत नसतात, तर आतली अस्वस्थता कशीतरी खाली बसावी म्हणून धडपडत असतात.

या नात्याचा सबळ पुरावा औषधांतही मिळतो. नाल्ट्रेक्झोन हे औषध १९९४ पासून अमेरिकेत दारूच्या व्यसनावर मान्यताप्राप्त आहे. ते मेंदूतील अफूसदृश द्रव्यांचे दरवाजे अडवते आणि त्यामुळे पिण्यातला आनंद व पिण्याची ओढ कमी करते. हेच औषध गोड चवीतला आनंदही काहीसा फिका करते, असे प्रयोगांत दिसले आहे. (ते तुमच्या पतींना योग्य आहे की नाही, हे त्यांच्या यकृताच्या तपासण्या पाहून डॉक्टरच ठरवतील.) १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांना आणि इतर पुरुषांना कमी-अधिक गोडीची साखरपाणी चाखायला दिली गेली. त्यांतले सर्वांत दाट पाणी लिटरला पाव किलोहून अधिक साखर घातलेले होते, जे बहुतेकांना पिववत नाही. ते पसंत करणाऱ्यांचे प्रमाण व्यसनी पुरुषांत पुष्कळ जास्त निघाले. जास्त दारू पिणारे म्हणून निवडून वाढवलेले उंदीरही सहसा गोड पाण्याकडे अधिक वळतात. शिवाय यकृतातून स्रवणारे एफजीएफ-२१ नावाचे संप्रेरक उंदरांमध्ये गोड आणि अल्कोहोल या दोन्हींची ओढ कमी करते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. म्हणजे या दोन ओढी शेजारशेजारच्या आहेत, आणि एक दार बंद झाल्यावर शेजारच्या दारावर थाप पडणे हा तुमच्या पतींच्या मनाचा दुबळेपणा नाही.

मग हे दुसरे व्यसन आहे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी जबाबदारीने देते आहे. २०१३ मध्ये आलेल्या मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत साखरेच्या व्यसनाला आजार म्हणून स्थान दिलेले नाही, आणि ते शास्त्रज्ञांच्या दृष्टीने वादाचेच आहे. साखर खाऊन कोणाची शुद्ध हरपत नाही, कोणी गाडी झाडावर आदळत नाही, मुलीला घाबरून दाराआड उभे राहावे लागत नाही. साखर एकदम बंद केली तर चिडचिड होईल. पण रोज खूप पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. (हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी हेही सांगते की घरच्या घरी, डॉक्टरांना न विचारता, एका दिवसात दारू बंद करण्याचा हट्ट कोणाकडे धरू नका. तुमच्या पतींनी या वेळी डॉक्टरांचा आधार घेतला, ही फार मोलाची गोष्ट झाली.) या दोन गोष्टींना एका तराजूत घालून आपण त्यांच्या सात आठवड्यांच्या कष्टाची किंमत कमी करतो, आणि ते त्यांना कळते.

म्हणून सासूबाईंचे म्हणणे पुष्कळ अंशी बरोबर आहे, पण ते कायमचे बरोबर नाही, एवढाच माझा त्यांच्याशी मतभेद आहे. ६.१ हा आकडा मधुमेहाच्या आधीच्या टप्प्यातला आहे. ५.७ ते ६.४ हा तो टप्पा मानतात आणि ६.५ पासून मधुमेह. शिवाय दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या तांबड्या पेशींवर परिणाम झालेला असतो, पांडुरोग असू शकतो, आणि त्यामुळे हा आकडा खऱ्या स्थितीपेक्षा वेगळा येऊ शकतो. तेव्हा त्यावर फार आनंदही नको आणि भीतीही नको. तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करा आणि सोबत उपाशीपोटीची साखर, यकृताच्या तपासण्या आणि चरबीचे प्रमाण पाहा. आपल्या नेहमीच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज नावाची साधी साखर असते, आणि तिचा निपटारा प्रामुख्याने यकृतच करते. दारूने आधीच चरबी साठलेल्या यकृतावर हा दुसरा भार फार काळ टाकणे परवडणारे नाही. त्यातही गोड पेये सर्वांत वाईट, कारण ती पोट न भरता भराभर साखर देतात. चॉकलेट चालेल, फळ तर उत्तमच, पण बाटलीबंद गोड पेय घरात आणू नका, एवढा एक नियम मी आजपासूनच सुचवेन. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल, किंवा मधुमेहाचे एखादे औषध सुरू झाले असेल, तर मात्र माझा सगळा सल्ला बाजूला ठेवून गोडाचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

प्रत्यक्षात काय करायचे, ते आता सांगते, आणि त्याची सुरुवात साखरेपासून न करता सकाळच्या खाण्यापासून करते. उठल्यावर तासाभरात प्रथिने असलेले काही पोटात जाऊ द्या. अंडी, कडधान्ये, दही, सुकामेवा, जे त्यांना रुचेल ते. त्यानंतर दिवसभरात चार तासांपेक्षा मोठी उपाशी पोकळी राहू देऊ नका, आणि पूर्वी ज्या वेळी पहिला पेला भरला जाई, त्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी त्यांनी पोटभर काही खाल्लेले असेल, एवढे कटाक्षाने पाहा. माझ्या अनुभवात या एका बदलाने जेवढे काम होते, तेवढे दहा उपदेशांनी होत नाही. रात्रीचे अकरा हा तुमच्याकडचा दुसरा नाजूक क्षण दिसतो. जेवण फार लवकर होत असेल तर झोपण्यापूर्वी दुधासारखे थोडे काही ठरवून द्या, म्हणजे रिकाम्या पोटी नुसती साखर जाणार नाही. रिकाम्या पोटी एकदम गेलेल्या साखरेने आधी रक्तातील साखर उसळते आणि नंतर घसरते, आणि त्या घसरणीने माणूस पुन्हा अस्वस्थ होतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोडाची आणि दारूची, दोन्हींची ओढ वाढलेली असते, म्हणून झोपेचा प्रश्न असल्यास तोही डॉक्टरांपुढे मांडा. झोपेच्या गोळ्या स्वतःहून मुळीच घेऊ नयेत.

चॉकलेटबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : काही चॉकलेटांच्या आणि केकच्या आत मद्य भरलेले असते, तसेच खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असते, तेव्हा वेष्टन वाचण्याची सवय दोघांनीही लावून घ्या. ‘अल्कोहोलमुक्त’ म्हणून मिळणाऱ्या बिअरमध्येही अनेकदा अल्प प्रमाणात अल्कोहोल असते, आणि ते नसले तरी तो पेला, तो फेस आणि तो वास जुन्या वाटेवर नेऊन सोडतो. गोडाला पर्याय म्हणून ती आणण्याची चूक करू नका.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांकडे मात्र काटेकोर लक्ष ठेवा. साखरेपासून ऊर्जा तयार करायला शरीराला थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागते, आणि दीर्घकाळ पिणाऱ्यांत त्याची मोठी कमतरता असू शकते. जितकी साखर अधिक, तितकी थायामिनची गरज अधिक. ही कमतरता टोकाला गेली तर १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी वर्णन केलेला मेंदूचा विकार होतो, ज्यात माणूस गोंधळतो, चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, आणि वेळेत उपचार न झाल्यास स्मृती कायमची जाऊ शकते. तुमच्या पतींना डॉक्टरांनी थायामिन दिले असेल तर ‘आता बरे वाटते आहे’ म्हणून ते मध्येच सोडू देऊ नका, दिले नसेल तर पुढच्या भेटीत विचारा, आणि वरचे कोणतेही लक्षण दिसले तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

किती दिवस हे चालेल, असे तुम्ही विचाराल. बहुतेकांत गोडाची ही हाव काही आठवड्यांत ओसरू लागते आणि काही महिन्यांत आवाक्यात येते, पण प्रत्येकाची चाल वेगळी असते. मी साधारण असे धोरण ठेवते की पहिले तीन महिने साखरेवरून घरात एकही भांडण नको. त्यानंतर, दारू दूर असेल आणि जेवणाची घडी बसली असेल, तर हळूहळू चमचे कमी करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेले प्रमाण असे आहे की वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी असल्यास आणखी चांगले. रोज २००० कॅलरींचा आहार असेल तर १० टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा छोटे चमचे. हे गाठायचे ठिकाण म्हणून डोळ्यांपुढे ठेवा. आज रात्रीच्या झडतीसाठी ते मापदंड म्हणून वापरू नका.

आता त्या कप्प्याविषयी, कारण मला तुमच्या पत्रात साखरेपेक्षा तीच गोष्ट अधिक बोचली. चॉकलेट खाणे ही अडचण नाही; ते लपवून खाणे ही अडचण आहे. लपवणे, खोटे बोलणे, पुरावा नाहीसा करणे, नंतर स्वतःची लाज वाटणे आणि ती लाज बुडवण्यासाठी पुन्हा तेच करणे, हे चक्र दारूनेच त्यांना शिकवले आहे, आणि दारू गेली तरी ते चक्र घरात वावरते आहे. त्यात चॉकलेटऐवजी पुन्हा बाटली बसायला फार वेळ लागत नाही. म्हणून तो कप्पा त्यांना न सांगता तपासणे आजपासून थांबवा आणि गोड उघड्यावर आणा. स्वयंपाकघरात सर्वांना दिसेल असा एक डबा ठेवा, त्यात काय ठेवायचे ते त्यांनाच ठरवू द्या, आणि डबा रिकामा झाला तर किती खाल्ले हे न विचारता ‘आज दिवस अवघड गेला का?’ एवढे विचारा. हे बोलणे रात्री अकरा वाजता त्या डब्यापाशी करू नका. सकाळी, दोघांचीही पोटे भरलेली असताना, त्यांना सांगा : ‘मी साखर फेकली, कारण त्या कप्प्यात हात गेल्यावर मला जुने दिवस आठवले. माझे चुकले. पण तुम्ही काही लपवले की मला ते दारू लपवण्यासारखेच वाटते, म्हणून जे खाल ते माझ्यासमोर खा.’ यात माफी आहे आणि मागणीही आहे. दोन्हींपैकी एकही गाळू नका.

त्यांचे ‘मग पुन्हा तेच पिऊ का?’ हे वाक्य तुम्हाला धमकीसारखे लागले असेल. त्यात धमकीचा अंश नाही असे मी म्हणणार नाही, आणि तसे वाक्य तुमच्यावर हत्यार म्हणून वारंवार वापरले जाऊ लागले तर समुपदेशकांसमोर दोघांनी मिळून ते बोलले पाहिजे. पण पहिल्यांदा म्हटलेले हे वाक्य मी शब्दशः घेईन. माझ्याकडे एकच काठी होती, तीही काढून घेतलीस तर मी कशाच्या आधाराने चालू, असे ते विचारत होते, आणि त्या क्षणी त्यांना दुसरा कोणताही आधार खरोखरच दिसत नव्हता. तो दिसावा यासाठी गट, समुपदेशन, संध्याकाळचे चालणे, एखादा जुना छंद, हे सगळे साखर कमी करण्याच्या आधी उभे राहायला हवे. याआधी दोन्ही वेळा दारू महिन्याभरात परत आली होती, आणि या वेळी ते सात आठवड्यांवर आहेत. त्या दोन वेळा ते काय खात होते, कधी जेवत होते, हे आठवून त्यांच्याशी बोला. कदाचित तिथेच काही धागा सापडेल.

मुलीविषयीची तुमची काळजी मी हलकी लेखत नाही. जुळ्यांवरील अभ्यासांतून असे दिसते की दारूच्या व्यसनाच्या धोक्यातील साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. वडील व्यसनी असलेल्यांमध्ये अतिगोड चवीची आवड अधिक असल्याचेही काही अभ्यासांत आढळले आहे. परंतु मुलांना आणि किशोरवयीनांना गोड जास्त आवडणे हे जगभर नैसर्गिक आहे, प्रौढ झाल्यावर ही आवड बहुतेकांची आपोआप कमी होते, आणि गोड आवडणाऱ्या कोट्यवधी लोकांचे दारूशी काही नाते नसते. तिच्या हातातल्या चॉकलेटकडे पाहून तिचे भविष्य वाचू नका, आणि तिच्यासमोर तसे बोलू तर मुळीच नका. तिला याहून उपयोगी अशा दोन गोष्टी सांगा. पहिली, दारूची ओळख जितक्या कमी वयात होते तितका पुढे व्यसनाचा धोका जास्त, म्हणून घरात असा इतिहास असलेल्या मुलीने दारूपासून दूर राहण्याला इतरांपेक्षा अधिक अर्थ आहे. दुसरी गोष्ट फारसे कोणी सांगत नाही : व्यसनी पालकांच्या काही मुलांना सुरुवातीला दारू इतरांपेक्षा कमी चढते. मित्रमंडळी त्याला ‘पचते’ म्हणतात आणि कौतुक करतात. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा असतो, कारण ज्याला थांबवणारी घेरी लवकर येत नाही, तो अधिक पितो. हे तिला तिच्या वडिलांनीच सांगितले, तर सर्वांत बरे. ते आज त्या मनःस्थितीत नसतील तर थांबा. सतरा वर्षांच्या मुलीला घरात काय चालले आहे हे आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ आधी कळलेले असते.

तुमच्या स्वतःच्या झोपेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ या नावाने गट चालतात. तिथे तुमच्या पतींना सुधारण्याचे काम कोणी तुमच्यावर सोपवत नाही. तुमच्यासारखीच कपाटे उघडलेली माणसे तिथे बसलेली असतात. पतींबरोबर जाण्याची वाट न पाहता एकदा एकट्याच जाऊन या. आणि तीन महिन्यांनी तपासण्यांचे आकडे आले की मला कळवा, म्हणजे साखर कमी करण्याचा पुढचा टप्पा त्यांवरून ठरवता येईल.